मेलेल्यांकडे पुरावे मागू नका!

एका विजारीपायी फ्रान्सने आपल्याच शिपायाला गोळ्या घातल्या. तारीख १३ फेब्रुवारी १९१५. शिपायाचे नाव लुसियाँ बेर्सो. ६० व्या पायदळ रेजिमेंटचा जवान, बझाँसोंचा नालबंद, घरी बायको आणि लहानगी मुलगी. ऐन हिवाळ्यात त्याच्या अंगावर पांढऱ्या कापडाची पातळ विजार होती. थंडी सोसवेना म्हणून त्याने गरम विजार मागितली. भांडारातून जी हातात पडली ती मेलेल्याच्या अंगावरून उतरवलेली, फाटकी, रक्ताने बरबटलेली. ती चढवायला त्याने नकार दिला. लेफ्टनंटने आठ दिवसांची कोठडी सुनावली. प्रकरण तिथेच संपायला हवे होते. पण रेजिमेंटच्या प्रमुखाला नव्याने आलेल्या जवानांवर जरब बसवायची होती. त्याने बेर्सोला लष्करी न्यायालयापुढे खेचले, त्या न्यायालयाच्या अध्यक्षपदी स्वतःच बसला आणि मृत्युदंड ठोठावला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंमल झाला. ‘हा अन्याय आहे’ म्हणत रदबदली करायला गेलेल्या दोन सोबत्यांची रवानगी सक्तमजुरीसाठी उत्तर आफ्रिकेत झाली. सात वर्षांनी, १९२२ च्या जुलैमध्ये, फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केले की बेर्सो निर्दोष होता!

हा एकट्या बेर्सोचा बळी असता तर आम्ही हे प्रकरण इतिहासकारांवर सोपवून गप्प बसलो असतो. पण १९१४ ते १९१८ या चार वर्षांत लष्करी आज्ञाभंगाच्या नावाखाली फ्रान्सने आपल्या सहाशेहून अधिक जवानांना खांबाला बांधून मारले. कोणी चौकी सोडली म्हणून, कोणी हल्ल्याला निघाला नाही म्हणून, कोणी स्वतःच्या हातावर गोळी झाडून घेतल्याचा संशय आला म्हणून. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्यांतल्या चाळीसएक जणांचा कलंक न्यायालयांनी पुसला. उरलेल्यांचे काय? २०२२ च्या जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने या सर्वांच्या सामूहिक कलंकमुक्तीचे विधेयक मंजूर केले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सेनेटने ते फेटाळले. शतक उलटले, साक्षीदार गेले, न्यायाधीश गेले, गोळ्या झाडणारे गेले, बायका गेल्या, मुले गेली. आणि तरीही या मेलेल्यांनी आपण भेकड नव्हतो हे सिद्ध करावे, अशी त्या सभागृहाची अपेक्षा आहे. या निर्णयाचा आम्ही धिक्कार करतो. का करतो, हे सांगण्यासाठी तो शिपाई कोण होता आणि त्याने काय भोगले हे आधी सांगितले पाहिजे. खादीच्या खुर्चीत असो की मखमलीच्या, बसून मत देणाऱ्याला ते ठाऊक नसते तेव्हाच असे निर्णय होतात.

१ ऑगस्ट १९१४ ला दुपारी फ्रान्सच्या गावोगावी चर्चच्या घंटा वाजू लागल्या. सुगीचे दिवस होते. शेतकरी कापणी अर्धी टाकून गावात धावले आणि भिंतीवर सार्वत्रिक लष्करभरतीचा कागद पाहून स्तब्ध झाले. पायदळाचा कणा होता तो हाच माणूस: शेतकरी, शेतमजूर, गवंडी, सुतार, शाळामास्तर. त्याला दिवसाला ५ सेंटिम पगार मिळे. पाठीवर तीस किलोच्या घरात ओझे, हातात १८८६ सालच्या बनावटीची लबेल रायफल, तिच्या टोकाला लांब संगीन. आणि अंगात लालभडक विजार! तोफांच्या आणि मशीनगनच्या युगात फ्रान्सने आपला शिपाई हिरव्या-पिवळ्या शेतांत लाल विजार घालून उभा केला. मेसिमी या युद्धमंत्र्याने काही वर्षे आधीच हा रंग बदलण्याची खटपट केली होती. संसदेतल्या आणि वृत्तपत्रांतल्या देशभक्तांनी ती हाणून पाडली, कारण त्यांच्या मते लाल विजार म्हणजेच फ्रान्सची शान. ही शान कोणाच्या रक्ताने राखायची होती, हे त्या सभ्य गृहस्थांना विचारायचे कोणी? डोक्याला कापडी टोपी होती. पोलादी शिरस्त्राण मिळायला १९१५ उजाडावे लागले.

शिकवण काय होती? आक्रमण, आक्रमण आणि आक्रमण. संगीन रोखून धावत सुटा, शत्रूचे धैर्य खचेल, असा सिद्धांत पॅरिसच्या युद्धशाळेत शिकवला जात होता. २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात, आर्देनच्या जंगलांत आणि लोरेनच्या सीमेवर, सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक ठार झाले. फ्रान्सच्या साऱ्या इतिहासात इतका रक्तरंजित दिवस दुसरा नाही. सिद्धांत लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही त्याबद्दल खांबाला बांधले गेले नाही.

मग आले खंदक. उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत माणसे जमिनीत गाडून घेऊन राहू लागली. उंदीर, उवा, गुडघाभर चिखल आणि त्या चिखलात वर येणारी प्रेते. रात्री दोघेतिघे जण डोक्या-खांद्यावर रश्शाच्या किटल्या, पावाच्या माळा आणि वाइनच्या बाटल्या अडकवून मागच्या स्वयंपाकघरांकडून पुढे निघत. वाटेत तोफगोळे पडत. निम्मे अन्न सांडे, कधी आणणारेच परत येत नसत. पोचलेच तर ते थंडगार असे. पहिले वर्षभर सामान्य जवानाला घरी जायला रजाच नव्हती. युद्ध सुरू होऊन वर्ष होत आले तेव्हा, १९१५ च्या उन्हाळ्यात, पहिल्या रजा सुरू झाल्या. तोवर त्याचा आणि घराचा दुवा म्हणजे पत्र, आणि तेही तपासनिसाच्या डोळ्यांखालून जाणारे.

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. लुई बार्तास नावाचा दक्षिण फ्रान्समधला एक पिंपे बनवणारा कारागीर वयाच्या पस्तिशीत या युद्धात गेला. शिक्षण प्राथमिक शाळेपुरते, पण वाचनाचे वेड आणि समाजवादावर निष्ठा. आर्त्वा, व्हर्दून, सोम असे सगळे नरक त्याने पायी पाहिले आणि युद्धानंतर दिवसभराचे काम आटोपून १९ वह्यांत ते लिहून काढले. त्या वह्या १९७८ मध्ये छापल्या गेल्या, तेव्हा अधिकाऱ्यांच्या आठवणींवर पोसलेल्या फ्रान्सला कळले की शिपायालाही स्वतःची भाषा असते, स्वतःचा न्याय असतो. त्यात १९१५ च्या डिसेंबरमधला एक प्रसंग आहे. न्योव्हिल-सँ-व्हास्तजवळ इतका पाऊस कोसळला की दोन्ही बाजूंचे खंदक पाण्याने भरले. बुडून मरण्याची पाळी आली तेव्हा फ्रेंच आणि जर्मन दोघेही उघड्यावर आले. काही पावलांवर शत्रू, आणि कोणी गोळी झाडेना. माणसांनी एकमेकांकडे पाहिले, हात मिळवले, तंबाखू वाटून घेतला. वरिष्ठांना कळताच तोफखान्याला आणि पहारेकऱ्यांना हुकूम सुटले की पुन्हा असा घोळका दिसला तर मारा करा! बार्तासने लिहून ठेवले की या जागी कधी तरी या बंधुभावाचे स्मारक उभे राहावे. त्यासाठी १०० वर्षे लागली; २०१५ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांनी त्या स्मारकाचे उद्घाटन केले. मेलेल्या शिपायाचे ऐकायला शतक घेणारे हे राष्ट्र आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

व्हर्दूनबद्दल किती सांगावे? २१ फेब्रुवारी १९१६ ला सुरू झालेली ती लढाई डिसेंबरपर्यंत चालली. तीन लाखांच्या आसपास माणसे दोन्ही बाजूंनी मेली. तिथे शिपाई शिपायाला क्वचितच दिसे; मारत होत्या त्या तोफा. जमीन इतक्या वेळा उलटीपालटी झाली की पुरलेले वर आले आणि जिवंत पुरले गेले. व्हो किल्ल्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाणी संपले. जवानांनी भिंतींवरचा ओलावा चाटला, आणि शेवटी तो किल्ला शत्रूच्या तोफांइतकाच तहानेने पाडला. दुओमाँच्या अस्थिमंदिरात आज १,३०,००० अनोळखी सैनिकांची हाडे एकत्र ठेवली आहेत, फ्रेंच कोणती नि जर्मन कोणती हे सांगता येत नाही.

आणि जे मेले नाहीत? ज्यांचे शरीर शाबूत राहिले आणि मन फुटले, जे थरथरत राहिले, वाकलेले राहिले, मुके झाले, त्यांच्यावर ढोंगाचा आळ आला. तूर शहरातला डॉक्टर क्लोव्हिस व्हँसाँ अशा जवानांना विजेचे जबर झटके देऊन ‘बरे’ करी. बातिस्त देशाँ नावाच्या एका शिपायाने १९१६ मध्ये हा उपचार नाकारला. डॉक्टरने जबरदस्ती केली तेव्हा त्याने डॉक्टरला मारले. खटला कोणावर झाला? शिपायावर! त्याला सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली, आणि इतक्या हलक्या शिक्षेचे श्रेय त्या प्रकरणाने चवताळलेल्या लोकमताला दिले पाहिजे. आपल्या शरीरावर आपला हक्क आहे, हे सांगणाऱ्या त्या जखमी माणसाला आम्ही वीर मानतो.

आता त्या न्यायालयांकडे वळू. १९१४ च्या ऑगस्टअखेर फ्रेंच सेना माघार घेत होती. पराभव सेनापतींच्या योजनेचा होता, पण दोष शिपायाच्या काळजाला दिला गेला. राष्ट्राध्यक्षाकडे दयेचा अर्ज जाईपर्यंत थांबण्याची गरज नाही, अशी मोकळीक सेनाधिकाऱ्यांना मिळाली. ६ सप्टेंबरला ‘विशेष युद्ध न्यायालये’ निर्माण झाली: तीन न्यायाधीश, तिघेही लष्करी, तपास जवळजवळ नाही, बचावाला वेळ नाही, निकालावर अपील नाही. चोवीस तासांत अंमल. ही न्यायालये संसदेने रद्द केली ती २७ एप्रिल १९१६ च्या कायद्याने. जी न्यायालये संसदेला युद्धाच्या ऐन मध्यावर, व्हर्दून पेटलेले असताना, नकोशी झाली, त्याच न्यायालयांनी दिलेले निकाल आजचे सेनेट जपून ठेवते!

या न्यायालयांनी काय केले ते पाहा. सोआसोंजवळचे व्हँग्रे. २७ नोव्हेंबर १९१४ ला जर्मनांनी अचानक खंदकात शिरून काही जणांना पकडले. उरलेले मागच्या खंदकात सरले आणि थोड्याच वेळात परत पुढे जाऊन त्यांनी आपली जागा घेतली. मागे सरण्याचा हुकूम त्यांच्याच लेफ्टनंटने दिला होता. तरीही चोवीस जणांवर आरोप ठेवले आणि सहा निवडले. सहाच का? इतरांना धाक बसायला तेवढे पुरेत म्हणून. आदल्या रात्री त्यांनी बायकांना पत्रे लिहिली. ४ डिसेंबरला सोबत्यांच्या रांगांसमोर त्यांना मारले. १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जण निर्दोष असल्याचा निकाल दिला.

शाँपेनमधले सुआँ. १० मार्च १९१५. ३३६ व्या रेजिमेंटच्या एका तुकडीला हल्ल्याचा हुकूम सुटला. समोरच्या काटेरी तारा तुटलेल्या नव्हत्या, आधी निघालेले डोळ्यांदेखत कापले गेले होते, आणि स्वतःच्याच तोफांचे गोळे स्वतःच्याच खंदकावर पडत होते. थकलेली माणसे खंदकातून बाहेर आली नाहीत. सात दिवसांनी चार कॉर्पोरलांना गोळ्या घातल्या: मोपा, लफुलाँ, जिरार आणि लशा. तेओफिल मोपा शाळामास्तर होता. त्याची बायको ब्लाँश, तीही शिक्षिका. तिने हार मानली नाही. मानवी हक्क संघटनेला बरोबर घेऊन तिने दार ठोठावले, ते बंद झाले. पुन्हा ठोठावले, पुन्हा बंद झाले. १९३२ मध्ये अशा खटल्यांसाठी खास न्यायालय स्थापन झाले, ज्यात व्यावसायिक न्यायाधीशांच्या जोडीला युद्धातून परतलेले सैनिक बसत. त्या न्यायालयाने ३ मार्च १९३४ ला चौघांचा कलंक पुसला. एकोणीस वर्षे! नुकसानभरपाई किती? नाममात्र १ फ्रँक. याच घटनेवरून सुचलेल्या कादंबरीवर स्टॅनली कुब्रिकने १९५७ मध्ये ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ काढला. फ्रान्सच्या चित्रपटगृहांत तो लागला १९७५ मध्ये. सत्याला घरात घ्यायला इतकी भीती वाटावी, असे त्या घरात काय होते हे आता आपल्याला कळते.

फ्लिरेमध्ये तर आणखी घोर प्रकार झाला. एप्रिल १९१५ मध्ये ६३ व्या रेजिमेंटच्या एका कंपनीने हल्ल्याला नकार दिला, कारण पाळी त्यांची नव्हती आणि आधीच्या हल्ल्यात त्यांची माणसे मेलेली डोळ्यांसमोर पडली होती. सेनापतीला सगळी कंपनीच गोळ्यांनी उडवायची होती. शेवटी थोडी माणसे बाजूला काढली, काही चिठ्ठ्या टाकून. चौघे मेले. चिठ्ठी टाकून माणूस मारणे याला न्याय म्हणणारा माणूस कुठल्याही गणवेशात असो, त्याला न्यायासनावर बसायचा अधिकार नाही! त्या चौघांतला फेलिक्स बोदी हा क्रझ जिल्ह्यातला गवंडी, कामगार संघटनेचा सभासद. त्याचाही कलंक १९३४ मध्ये पुसला गेला.

भाषेचाही बळी गेला आहे. त्या सैन्यात ब्रेतों बोलणारे होते, बास्क बोलणारे होते, कॉर्सिकन बोलणारे होते. जोसेफ गाब्रिएली हा कॉर्सिकाचा निरक्षर मेंढपाळ. त्याला फ्रेंच धड येत नव्हते. न्यायालय काय विचारते ते त्याला कळले नाही आणि तो काय सांगतो ते न्यायालयाने समजून घेतले नाही. १९१५ मध्ये मारला, १९३३ मध्ये निर्दोष ठरवला. आपल्याकडेही कोर्टाची भाषा न कळणाऱ्या आदिवासी आरोपीचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना गाब्रिएली परका वाटणार नाही.

आणि १९१७. निव्हेल नावाच्या सेनापतीने मंत्र्यांना वचन दिले की शमँ दे दामच्या कड्यावर तो जर्मन फळी दोन दिवसांत फोडेल. न फुटली तर हल्ला थांबवेल. १६ एप्रिलला बर्फाच्या भुरभुरीत, चढावरून, चुनखडीच्या खाणींत सुरक्षित बसलेल्या शत्रूवर त्याने माणसे लोटली. पश्चिम आफ्रिकेतून आणलेले काळे शिपाई, ज्यांनी असली थंडी कधी पाहिली नव्हती, ते हजारोंनी पडले. फळी फुटली नाही. हल्ला थांबला नाही. मे आणि जूनमध्ये फ्रेंच सेनेच्या निम्म्याहून अधिक डिव्हिजनांत जवानांनी सांगितले की आम्ही निरर्थक हल्ल्यांना जाणार नाही. ध्यानात घ्या, त्यांनी खंदक सोडले नाहीत, शत्रूला वाट दिली नाही. त्यांनी रजा मागितली, खायला धड अन्न मागितले, आणि आपली माणसे वाया घालवू नका एवढेच मागितले. साडेतीन हजारांच्या आसपास शिक्षा झाल्या, साडेपाचशेहून अधिक मृत्युदंड सुनावले गेले, त्यांतल्या तीसएकांवर अंमल झाला. मग नव्या सेनापतीने, पेताँने, काय केले? रजा वाढवल्या, अन्न सुधारले, असले हल्ले थांबवले. म्हणजे शिपायांची मागणी रास्त होती, हे सेनेनेच कृतीने कबूल केले. मग ते तीसएक कशासाठी मेले?

आणि निव्हेलचे काय झाले? त्याची उत्तर आफ्रिकेत बदली झाली. युद्धानंतर त्याला मानाची पदे आणि पदके मिळाली. पॅरिसच्या अँव्हालिदमध्ये, फ्रान्सच्या थोर सेनानींच्या पंक्तीत, त्याच्या अस्थी विसावल्या आहेत. चुकलेल्या सेनापतीला बदली आणि थकलेल्या शिपायाला खांब: हे ते लष्करी न्यायशास्त्र!

शिक्षा मेल्यावरही संपली नाही. ज्याला गोळ्या घातल्या त्याच्या बायकोला युद्धविधवेचे निवृत्तिवेतन नाही. मृत्यूच्या नोंदीवर ‘फ्रान्ससाठी मृत्यू’ हा सन्मानाचा शेरा नाही. १९२० च्या दशकात फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक गावात हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. त्यावर त्याचे नाव नाही. लहानशा गावात, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तिथे बाईने दर ११ नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या दिवशी, त्या दगडासमोरून मुलाचा हात धरून जायचे आणि त्यावर बापाचे नाव शोधणाऱ्या पोराला काय सांगायचे? असंख्य बायकांनी गाव सोडले. असंख्य घरांनी तो माणूसच आठवणीतून काढून टाकला. क्रझमधल्या जाँतियू गावाने मात्र स्मारकावर मूठ आवळून उभा असलेला अनाथ मुलगा बसवला आणि युद्धाला शाप देणारे शब्द कोरले. सरकारी अधिकारी त्याच्या उद्घाटनाला फिरकले नाहीत. तो मुलगा कोणावर मूठ उगारतो हे त्यांना बरोबर कळले होते.

मराठी वर्तमानपत्राने हे का लिहावे? न सांगता चालले असते, पण सांगतो. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह-शापेल या फ्रेंच गावात ४७ व्या शीख पलटणीच्या बरोबरीने जे जवान घराघरांतून संगिनीने लढले, ते आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांचे होते. त्या गावाशेजारच्या स्मारकावर चार हजार सातशेहून अधिक भारतीयांची नावे आहेत. त्याच चिखलात, त्याच तोफांखाली ते होते. आणि आणखी एक गोष्ट. ब्रिटनने २००६ मध्ये कायदा करून पहिल्या महायुद्धात अशाच गुन्ह्यांसाठी मारलेल्या आपल्या ३०६ सैनिकांना सामूहिक माफी दिली, आणि त्या कायद्याच्या कक्षेत १९११ च्या भारतीय लष्कर कायद्याखाली मारले गेलेलेही घेतले. ज्या साम्राज्याला आम्ही शिव्या देतो, त्याच्या वारसांना जे जमले ते स्वातंत्र्य-समता-बंधुत्वाची जननी म्हणवणाऱ्या प्रजासत्ताकाला जमत नाही! आपल्या देशातही लष्करी न्यायालयाच्या निकालावर अपिलाची सोय नसल्याची खंत सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये व्यक्त केली, आणि सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा व्हायला २००७ उजाडले. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा नाही. गणवेश चढवल्याबरोबर नागरिकाचे हक्क गळून पडतात का, हा प्रश्न आहे.

सेनेटमधल्या विरोधकांचे मुद्दे आम्ही वाचले आहेत. ते म्हणतात, सगळेच निर्दोष नव्हते. खरे आहे, म्हणूनच त्या विधेयकात खून, बलात्कार, हेरगिरी यांसाठी मारलेले नव्हते. फक्त लष्करी आज्ञाभंगाखाली मारलेले होते. ते म्हणतात, प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासा. कशावरून तपासायचे? कित्येक खटल्यांचे कागदच हरवले आहेत, आणि जे उरले त्यांत चार ओळींची साक्ष आणि निकाल यांच्यापलीकडे काही नाही. कागद सरकारने हरवायचे आणि त्याचा तोटा मेलेल्याने सोसायचा? ते म्हणतात, जे शेवटपर्यंत टिकले त्यांचा हा अपमान होईल. हा मुद्दा सर्वांत संतापजनक आहे. जे टिकले त्यांनीच तर हा लढा सुरू केला! १९२० च्या दशकात माजी सैनिकांच्या संघटना या विधवांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९३२ च्या खास न्यायालयात माजी सैनिक बसले आणि त्यांनी सोबत्यांना निर्दोष ठरवले. ज्याने त्या खंदकात रात्र काढली तो दुसऱ्याच्या मोडून पडण्याचा न्याय करायला धजत नाही; धजतो तो फक्त ज्याने ती रात्र काढली नाही. ते असेही म्हणतात की इतिहास पुन्हा लिहू नये. इतिहास कोण पुसतो आहे? घटना घडली ती घडलीच. मागणी आहे ती राज्यसंस्थेने त्या घटनेतला आपला हात ओळखण्याची.

१९९८ पासून फ्रान्सचे नेते शब्दांनी उदार झाले आहेत. त्या वर्षी पंतप्रधान झोस्पँ शमँ दे दामच्या कड्यावरच्या क्रान गावी गेले आणि या सैनिकांना राष्ट्राच्या स्मृतीत सामावून घ्यायला हवे असे म्हणाले. राष्ट्राध्यक्षांच्या गोटातून लगेच नाराजी उमटली. २००८ मध्ये सार्कोझी दुओमाँला म्हणाले की त्यांतले अनेक भेकड नव्हते. २०१४ पासून अँव्हालिदच्या लष्करी संग्रहालयात त्यांच्याविषयी माहिती मांडली आहे. एवढे पुरेसे आहे असे मानणाऱ्यांना आम्ही विचारतो: ज्याला कायद्याने मारले त्याला भाषणाने कसे उठवणार? शिक्षा न्यायालयाच्या शिक्क्याने झाली. ती पुसायलाही कायद्याचाच शिक्का हवा. संग्रहालयातली माहिती प्रवाशांसाठी असते. कायदा नातवंडांसाठी असतो, ज्यांच्या घरातल्या कागदांवर अजून ‘शत्रूसमोर चौकी सोडली’ एवढेच लिहिले आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. फ्रान्सच्या संसदेने तो कायदा पुन्हा आणावा आणि दोन्ही सभागृहांनी तो मंजूर करावा. आज्ञाभंगासाठी मारलेल्या प्रत्येक सैनिकाची शिक्षा एका कलमाने रद्द व्हावी. प्रत्येकाच्या मृत्यूच्या नोंदीवर इतर हुतात्म्यांसारखाच शेरा यावा, आणि गावच्या स्मारकावर त्याचे नाव इतरांच्या ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत कोरले जावे. तळाशी वेगळे काढून नव्हे. लष्कराच्या दप्तरखान्यात जे कागद उरले आहेत ते एकूण एक वंशजांना खुले व्हावेत. आणि एखाद्याने खरोखर गुन्हा केला होता असे सरकारला म्हणायचेच असेल, तर तसा पुरावा सरकारने आणून उघड्या न्यायालयात मांडावा. तोवर तो माणूस निर्दोष आहे. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये हेच तत्त्व रणांगणावर पायदळी तुडवले गेले होते. ते परत उभे करण्याचे काम सेनेटच्या पुढच्या अधिवेशनात होऊ शकते, आणि त्यासाठी हवे आहे केवळ बहुमत.